सांगळेबाईंची रायफल आणि नळीवरचा ब्रेक

सांगळेबाईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, असे सांगितले तर या गौरवग्रंथाच्या वाचकांना खोटे वाटेल. बाईंशी कोणी भांडल्याचे नाशकात ऐकिवात नाही. पण तो मान माझा आहे, आणि बाईंच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने तो मी मिरवून घेतो.

पंचवटीतल्या मुलींच्या शाळेत मी नुकताच मराठीचा शिक्षक म्हणून लागलो होतो. दुपारच्या तासाला खिडकीतून तिरपे ऊन बाकांवर उतरायचे. मुली कविता चालीवर म्हणू लागल्या की आपण शाळेत आहोत, पुढे तपासायच्या वह्या पडल्या आहेत, हे सगळे मला विसरायला व्हायचे. त्या दुपारी मुली दुसऱ्या कडव्यात शिरल्या आणि मैदानावरून कवायतीचा हुकूम असा काही आला की माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली बसल्या जागी ताठ झाल्या. मी तावातावाने खाली उतरलो. खाकी गणवेषात एक सडपातळ बाई उभ्या होत्या. विज्ञान शिकवणाऱ्या, आणि शाळेच्या छात्रपथकाच्या प्रमुख. त्यांनी माझे सगळे बोलणे ऐकून घेतले, दिलगिरी व्यक्त केली आणि मग अगदी शांतपणे विचारले, "सर, तुमच्या मुली ओळीच्या मधे थांबतात ना, ते ठरवून थांबतात की दम लागतो म्हणून?"

मी म्हणालो, त्याला यती म्हणतात, कवीने ठरवलेला विसावा असतो तो.

"मग उद्या मैदानावर या," बाई म्हणाल्या. "नेम धरताना श्वास अर्धा सोडून तेवढंच थांबायचं असतं. मी सांगून थकले, मुलींना जमत नाही. तुमच्या कवितेनं जमेल."

दुसऱ्या दिवसापासून हा मराठीचा मास्तर नेमबाजीच्या मैदानावर गेला तो आजतागायत परतलेला नाही. एअर रायफल हातात घेण्याआधी मुली माझ्या वर्गातली एक कविता सावकाश म्हणत, विसाव्याच्या जागी थांबत, आणि त्याच थांबण्यात चाप ओढायला शिकत. ज्या माझ्याकडे कविता मन लावून शिकल्या त्यांचा नेम चांगला, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. बाईंनी तो गैरसमज कधी दूर केला नाही. त्यांचा स्वभाव.

इंदुमतीबाई सांगळे यांचे सासर सिन्नरकडचे. सासऱ्यांची मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीची, रायफल पुढे रीतसर परवान्यासह बाईंच्या नावावर झाली. घरातल्या पुरुषांपैकी कोणाला तिची हौस नव्हती. बाईंनी ती नुसती सांभाळली नाही, त्या ती चालवायलाही शिकल्या. आणि निवृत्तीनंतर त्र्यंबक रस्त्याला, डोंगराच्या कुशीतल्या एका जुन्या खाणीत, परवानग्यांसाठी वर्षानुवर्षे खेटे घालून आपल्या क्लबची रेंज उभी केली. समोर उभा कातळ, त्याच्यापुढे मातीचा भराव, आणि अलीकडे पत्र्याखाली नेमबाजांच्या जागा. पहाटे तिथे पोहोचले की कातळावर कोवळे ऊन सरकत खाली येत असते. मला तिथे अजूनही ती शाळेतली दुपार आठवते.

बाईंची शिकवण्याची रीत एका वाक्यात सांगता येते: एका वेळी एकच गोष्ट बदला. मनीषा काकडचे उदाहरण सांगतो. मनीषा मखमलाबादची, घरचा झेंडू आणि शेवंतीचा मळा. एकदा तिच्या गोळ्या सारख्या उजवीकडे जाऊ लागल्या. घाबरून तिने जाकीट बदलले, रायफलीचा पट्टा आवळला, बसायची ढब बदलली, आणि गोळ्या डावीकडे जाऊ लागल्या. बाईंनी तिला सगळे पहिल्यासारखे करायला लावले आणि मग एकेक गोष्ट बदलून पाहिली. दोष निघाला पट्ट्यात. "सगळं एकदम बदललंस तर बरं झालं तरी का बरं झालं ते कळत नाही," त्या म्हणाल्या होत्या.

याच मनीषाला रेंजवर आणण्यासाठी बाई स्वतः तिच्या मळ्यात गेल्या होत्या. मी सोबत होतो. तिच्या आईने पाटीत फुले खुडणे थांबवले नाही, नुसती म्हणाली, पोरगी बंदुकीला गेली तर माल कोण भरील. बाईंनी वाद घातला नाही. पदर खोचला आणि शेजारच्या ओळीत फुले खुडायला लागल्या. बरीच ओळ झाल्यावर आईच म्हणाली, "बाई, तुम्ही लय हळू खुडता. पोरीचं काम उचला म्हणलं तर तुमच्यानं नाय व्हायचं." बाई म्हणाल्या, "म्हणून तर म्हणते, ती बाजाराचं उरकून आली तरी चालेल. मी थांबेन." आणि त्या थांबत. मनीषा फुलबाजार उरकून यायची, बोटांना झेंडूचा वास घेऊन, आणि तोवर बाई रेंज बंद करीत नसत. आज मनीषा स्वतः क्लबची प्रशिक्षक आहे.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येतो. क्लबातल्या काहींना तो अर्धामुर्धा ठाऊक आहे; पुरता सांगितला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी बाईंच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी एअर रायफलला परवानगी दिली, पण मोठ्या रायफलीला साफ नाही म्हटले. त्या रायफलीचा धक्का जबर. दहा-बारा गोळ्या झाडल्या की तरुण माणूसही खांदा चोळू लागतो. बाईंनी ते मानले. पण रविवारी आल्या की रायफल पुसून, तेल लावून, पुन्हा पेटीत ठेवायच्या. ते पाहवत नसे.

आमचा संदीप, बाईंचा क्लबातला जुना विद्यार्थी, कारखान्यात इंजिनियर आहे. त्याने उपाय काढला. नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवायचा एक पोलादी तुकडा असतो, त्याला मझल ब्रेक म्हणतात. त्याच्या दोन्ही कुशींना भोके असतात. गोळीच्या मागोमाग येणारा वायू सरळ पुढे जाण्याऐवजी त्या भोकांतून बाजूंना फेकला जातो, आणि खांद्यावर येणारा धक्का पुष्कळ कमी होतो. परवानाधारक कारागिराकडून नळीला आटे पाडून घेतले, ब्रेक बसवला, आणि सगळ्या विद्यार्थ्यांच्या वतीने तो बाईंना दिला. डॉक्टरांनीही पाहून, थोड्याच गोळ्या, अशी अट घालून मान डोलावली.

पहिल्या दिवशी बाईंनी पाच गोळ्या झाडल्या. कागद आणला तर पाचही भोके एकमेकांना चिकटून, पण नेहमीच्या जागेपेक्षा खाली आणि डावीकडे. संदीपचा चेहरा पडला. बाई मात्र प्रसन्न. एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्या कागदावर किती जवळ पडतात त्याला आमच्याकडे ग्रुप म्हणतात. "ग्रुप एकत्र आहे ना? मग जागा सरकली तर रायफलीवरची दुर्बीण फिरवू. ग्रुप फुटला असता तर काळजी," असे म्हणून त्यांनी मला समजावून सांगितले, कारण मला समजले की सगळ्यांना समजते असा त्यांचा अनुभव. "सर, नळी काही निर्जीव पाइप नाही. गोळी सुटताना ती तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते. टोकाला वजन लावलं की थरथर बदलते, आणि गोळी बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड दुसरीकडे बघत असतं. ब्रेक कधी काढला, कधी लावला, तर दर वेळी नेम तपासायचा."

ब्रेकने रायफल अचूक होते का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या की ब्रेक गोळीला सुधारत नाही, माणसाची धास्ती काढतो. धक्का येणार या धास्तीने चाप ओढायच्या आधीच खांदा आक्रसतो आणि डोळा मिटतो, तिथेच निम्मे नेम जातात. आणि तो नीट बसलेला नसेल तर असलेली अचूकताही घालवतो.

त्याची दुसरी बाजूही त्यांनी आपणहून ओळखली. ब्रेकमुळे आवाज आणि वायूचा झोत शेजाऱ्याच्या अंगावर येतो. बाईंनी पहिल्या दिवसापासून शेवटची, भिंतीकडची जागा घेतली, शेजारची जागा मोकळी ठेवायला लावली आणि इतरांचे नेम संपल्यावरच आपली रायफल उघडायचा नियम केला. अधिकृत स्पर्धांत ही वस्तू चालत नाही, म्हणून तिथे नाव घालणे सोडून दिले. क्लबातल्या ज्येष्ठांच्या सामन्यात सर्वांची लेखी संमती घेऊन उतरल्या. बाई क्लबच्या संस्थापक. त्यांना संमती मागायची गरज नव्हती. त्यांना स्वतःला मात्र ती वाटत होती.

एक हंगाम असा सुखाचा गेला. मग दसरा आला.

खंडेनवमीला आपल्याकडे रेंजवर पूजा होते. रायफली रिकाम्या करून, तपासून, स्वच्छ पुसून पांढऱ्या चादरीवर मांडतात. मनीषाच्या मळ्यातला झेंडू येतो. हळदकुंकू बाई वाहतात, आणि प्रत्येक रायफलीच्या नळीला नाडाछडीचा तांबडा-पिवळा धागा बांधतात. त्या वर्षीही सगळे तसेच झाले. साफसफाईसाठी बाईंच्या रायफलीचा ब्रेक काढून ताम्हनात ठेवला होता. संध्याकाळी तो पुन्हा बसवला गेला. दिवाळीनंतर रेंज उघडली तेव्हा सगळ्या नळ्यांवरचे धागे कापून काढले आणि सराव सुरू झाला.

बाईंच्या गोळ्या विखुरल्या. एक वर, एक पार उजवीकडे, एक काळ्या वर्तुळाच्या बाहेर. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी त्याहून वाईट. बाईंचा नुकताच मोतीबिंदू काढला होता, वय सत्तरी ओलांडून गेलेले. आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत होतो. मी माझ्या मनात कारण ठरवूनही टाकले होते. माझा स्वतःचा हात खडू धरताना थरथरू लागला होता, तो काळ मला आठवत होता.

रायफल तपासावी असे कोणाला सुचले नाही असे नाही. पण ती बाईंची रायफल. तिच्यामागे दुसऱ्याने आडवे व्हायचे नाही, असा आमच्यात न लिहिलेला नियम. गुरूच्या आसनावर बसण्यासारखे ते. आणि ब्रेकवर शंका घ्यायची तर तो सगळ्यांनी मिळून दिलेला. आदरापोटी आम्ही बाईंना म्हातारे ठरवून मोकळे झालो.

चौथ्या रविवारी बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावले. आवाज नेहमीचा, कवायतीचा. त्या म्हणाल्या, "ज्याला आपली गोळी कुठे गेली हे सांगता येत नाही, त्यानं बंदूक खाली ठेवायची. हा नियम मी तुम्हाला लावला. काहींना रडवलंसुद्धा. आता मला लावते." कलेक्टर कचेरीत परवाना परत करायचा, रायफल जमा करायची, सोमवारी सकाळी मी सोबत यायचे, असे त्यांनी सांगून टाकले. पुढे म्हणाल्या की यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. मागे चहाचे पाणी उकळत होते.

संदीप खाली बघत होता. मीही. मनीषा तेवढी पुढे आली. आमची मनीषा बाईंसमोर कधी चढ्या आवाजात बोललेली नाही, तेव्हाही बोलली नाही.

"बाई, एक विचारू? यात तुम्ही काय बदलून पाहिलं?"

"काय बदलणार? वय?"

"मला पट्टा बदलायला लावला होतात. आधी सगळं होतं तसं करून, मग एकेक. तुम्ही तर एकदम माणूसच बदलायला निघालात."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बोल, पहिलं काय बदलू?"

"नेमबाज," मनीषा म्हणाली. "बाकी सगळं तसंच. मला तुमच्या रायफलीमागे झोपू द्या."

मला वाटले, बाई रागावतील. त्या उठल्या, चटई आपल्या हातांनी झटकली आणि बाजूला झाल्या. मनीषाने आधी रायफलीला नमस्कार केला, मग आडवी झाली. बाई शेजारी बसल्या. पाच गोळ्या झाल्या. कागद आणला. मनीषासारखीच्या हातून आलेली ती पाच भोके इतकी लांब लांब होती की एका तळहाताखाली झाकता आली नसती.

माझ्या छातीवरचे ओझे उतरले. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र समाधान नव्हते, कुतूहल होते. तोच, वर्गात प्रयोग मांडताना असायचा तो चेहरा. त्या म्हणाल्या, आता दुसरी एकच गोष्ट. ब्रेक काढा. ब्रेकशिवाय मनीषाने पुन्हा पाच झाडल्या. धक्क्याने ती दर वेळी हलत होती, तरी पाचही भोके एका लिंबाएवढ्या जागेत.

संदीपने ब्रेक हातात घेऊन उजेडाकडे धरला. गोळी बाहेर जाते त्या पुढच्या भोकाच्या कडेला एका बाजूने गोळीवरच्या तांब्याची चकचकीत रेघ होती. गोळी जाताना कडेला घासत होती. तो पांढराफटक पडला. जास्त घासली असती तर काय झाले असते, ते त्याला आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले कळत होते. मग त्याने नळीवरची ती सपाट कड पाहिली जिथे ब्रेक येऊन टेकतो. तिथे, आट्यांच्या बुडाशी, चेपून कागदासारखा पातळ झालेला एक तांबडा धागा होता. नखाने खरवडून काढावा लागला.

पूजेच्या नाडाछडीचे टोक. ब्रेक पुन्हा बसवताना ते सांध्यात अडकले, वरचा धागा आम्ही कापून टाकला आणि आतला राहिला. तेवढ्याने ब्रेक एका बाजूने किंचित उचललेला राहिला. नळीचा रोख एकीकडे, ब्रेकच्या भोकाचा दुसरीकडे. एका कुशीने वायू जास्त, दुसरीकडून कमी. आणि बाहेर पडता पडता प्रत्येक गोळीला वेगळा धक्का.

ब्रेक त्या संध्याकाळी कोणी बसवला होता, हे संदीपने विचारायला तोंड उघडले. बाईंनी हात वर केला. "धागा मी बांधला. एवढं पुरे." त्यानंतर ते नाव आजतागायत कोणी काढलेले नाही. ते ज्याचे असेल, त्यालाही बाईंनी त्या दिवशी घरी जाताना आपल्या डब्यातला लाडू दिला असेल, कारण त्यांनी सगळ्यांनाच दिला.

सांधा पुसला, ब्रेक नीट कडेला टेकवून बसवला, आत सळई घालून रोख तपासला. मग बाई आडव्या झाल्या. मी कातळाकडे बघत होतो. मला, खरे सांगायचे तर, बघवत नव्हते. पाच आवाज झाले. मनीषा कागद घेऊन आली आणि तिने तो माझ्या हातात दिला, बाईंच्या नाही. सरांनी वाचून दाखवावा म्हणून. पण त्यात वाचण्यासारखे काही नव्हते. एकच भोक होते, जरासे फाटलेले.

बाई चटईवरून उठताना म्हणाल्या, "सर, सोमवारचं आपलं राहू द्या. त्या वेळात नव्या मुलींचा श्वासाचा सराव घेऊ."

खंडेनवमीची पूजा बाईंनी बंद केली नाही. आता धागा रायफलीच्या पट्ट्याच्या कडीला बांधतात, आणि कोणाचीही रायफल, बाईंचीसुद्धा, वर्षातून एकदा दुसऱ्याने झाडून पाहायची, असा लेखी नियम झाला आहे. तो मांडला बाईंनीच. तपासणीने आदराला कमीपणा येत नाही, असे त्यांनी त्या सभेत सांगितले. मी मुलींना पुष्कळ काव्य शिकवले, पण इतके साधे आणि इतके अवघड वाक्य मला कधी शिकवता आले नाही.

हा गौरवसमारंभ ठरला तेव्हा समितीच्या वतीने मी बाईंच्या घरी गेलो. शाल, श्रीफळ, मानपत्र हे रीतीप्रमाणे होईलच, पण विद्यार्थ्यांची इच्छा आहे की तुमच्या मनासारखे काही द्यावे, असे म्हणालो. मला वाटले, बाई नेहमीप्रमाणे क्लबासाठी पंखे मागतील. पण त्या लहान मुलीने खाऊ मागावा तशा अवघडून म्हणाल्या की रायफलीची नळी आता आतून झिजली आहे. ब्रेक कितीही नीट बसवला तरी झिजलेल्या नळीला तो काय करणार. तेव्हा जमले तर नवी नळी द्या.

मी चहाचा कप खाली ठेवला. नवी नळी झिजायला किती गोळ्या लागतात, ते इतक्या वर्षांत मलाही कळू लागले आहे. रविवारच्या थोड्या थोड्या गोळ्यांनी ती झिजवायची म्हणजे फार लांबचा पल्ला. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर आमच्या बाईंनी तेवढ्या रविवारांची तयारी ठेवली आहे.

नळी मागवली आहे. परमेश्वराने बाईंचा खांदा, डोळा आणि श्वास असाच सांभाळावा. बाईंनी ही नळी झिजवावी, सावकाश, निरोगी मनाने, शेवटच्या जागेवर भिंतीकडेला पडून. आणि झिजली की आम्हा सगळ्यांकडे पुन्हा एक नवी मागावी.